ऑपरेशन किंवा एन्डोस्कोपीनंतर घसा सुजलाय, आवंढा गिळवत नाहीये? पहिल्या तासापासून काय काय करायचं

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर चार चिरा, आणि शुद्धीवर आल्यावर मी पहिली तक्रार केली ती घशाची. आवंढा गिळला की डोळ्यात पाणी यायचं. मला वाटलं एसीने सर्दी झाली, तसं नर्सला म्हटलंही, तर ती म्हणाली अहो सर्दी कसली, नळी होती ना घशात. आता हे आधी सांगितलं असणारच, पण फॉर्मवर सह्या करताना कोणाचं लक्ष असतं. पुढचे तीन दिवस मी बऱ्याच चुका केल्या, काही गोष्टी बरोबर जमल्या, नंतर त्याबद्दल भरपूर वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून बेजार केलं, ते सगळं इथे क्रमाने लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हा घसा आजारी नाहीये, खरचटलाय. गुडघा जमिनीवर घासला की जसा सोलवटतो ना, तेच आतून झालंय, फक्त आपल्याला दिसत नाही. एकदा हे पटलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण खरचटलेल्या जागेचं आपण काय करतो, ती परत घासू देत नाही, कोरडी पडून ताणू देत नाही, आणि सूज भलतीकडे जात नाहीये ना एवढं बघतो. अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही, मागूही नका.

नेमकं घासतं कुठे

पूर्ण भूल दिली की श्वासासाठी तोंडातून एक नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत घालतात. मोठ्या माणसाला तिचा आतला व्यास साधारण ७ ते ८ मिलिमीटर. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात (खोकल्यातला कफ नव्हे), तो हवा भरून फुगवतात म्हणजे नळीच्या बाजूने हवा निसटत नाही आणि पोटातलं काही फुफ्फुसात उतरत नाही. या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका ठेवायचा असतो, त्याच्या वर गेला की श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा कमी होतो, मग तिथे सूज आणि दुखणं. त्यात नळी घालताना जीभ दाबायला धातूचं पातं वापरतात, मशीनमधून येणारी हवा कोरडी असते, काही औषधं लाळ आटवतात, शेवटी लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी घशात फिरवतात. एवढं सगळं झाल्यावर घसा दुखला नाही तरच नवल.

आकडा सांगायचा तर नळी घातलेल्या साधारण १०० पैकी ४० जणांचा घसा थोडाफार दुखतो. नळीऐवजी मास्क असेल, म्हणजे स्वरयंत्राच्या वरच बसणारा तो मऊ मास्क, तर साधारण २०. एन्डोस्कोपीची दुर्बीण साधारण ९-१० मिलिमीटर जाड असते, ती अन्ननलिकेत जाते, पण जाताना घशाची मागची भिंत घासतेच. नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब तर घशात बसूनच राहते, त्यामुळे ती असेपर्यंत टोचत राहते.

आणि हो, मान, जबडा, खांदे सुद्धा आखडले असतील तर घाबरू नका, नळी घालण्याआधी स्नायू सैल करायचं जे एक इंजेक्शन असतं त्याने दोन-तीन दिवस अंग असं ठेचल्यासारखं वाटू शकतं. मी दोन दिवस समजत होते की घशाचंच दुखणं मानेत उतरलंय.

पहिला तास: काहीही पिऊ नका

एन्डोस्कोपीच्या आधी घशात बधिरीचा स्प्रे मारतात, लिग्नोकेनचा. तो उतरेपर्यंत घसा बधिर असतो आणि घोट चुकीच्या वाटेने गेला तरी कळत नाही. बधिरपणा जायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तुम्हाला तिथून वेळ सांगितली असेल तर तीच पाळा. तहान कितीही लागू दे, ओठ ओल्या कापसाने पुसा, चूळ भरून थुंका, पण गिळू नका.

मग एक छोटी परीक्षा. ताठ बसा, आडवं पडून नाही. चमचाभर साधं पाणी तोंडात घ्या, हनुवटी थोडी खाली, आणि गिळा. ठसका लागला नाही, नंतर आवाज ओलसर घोगरा झाला नाही, तर दुसरा चमचा. तीन-चार चमचे नीट गेले की घोट घोट सुरू करा. ठसका लागला तर थांबा आणि अर्ध्या तासाने परत बघा, परत लागला तर नर्सला सांगा. पूर्ण भुलीनंतर पाणी कधी द्यायचं हे ऑपरेशन कोणतं यावरही ठरतं, पोटाच्या आतड्यांचं असेल तर उशीर होऊ शकतो, तिथे घसा कितीही सुकला तरी सर्जनचा शब्द शेवटचा. तोवर बर्फाचा छोटा खडा चालेल का एवढं विचारून घ्या, बऱ्याचदा हो म्हणतात.

पहिला दिवस: ओलं ठेवा

पहिल्या २४ तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं, मग दोन-तीन दिवसांत उतरतं. पहिल्या दिवशी काम एकच, घसा कोरडा पडू द्यायचा नाही. ग्लासभर पाणी एकदम पिण्यापेक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट. मी उलटं केलं, दुखतंय म्हणून पिणंच टाळलं, मग अजून सुकलं, मग अजून दुखलं, संध्याकाळी आवंढा म्हणजे वाळूचा घास.

थंड की गरम यावर लोक भांडतात. खरं सांगायचं तर जे बरं वाटेल ते. बर्फाने जागा थोडी बधिर होते आणि सुजेला आराम पडतो, कोमट पाण्याने ताण सैल होतो. मला पहिल्या दिवशी बर्फ आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट पाणी मानवलं. कढत मात्र काहीच नको, सोललेल्या जागेवर कढत चहा ओतल्यावर काय होतं ते मी करून बघितलंय, परत सांगायला लावू नका.

खोलीतली हवा कोरडी असेल तर ह्युमिडिफायर लावा, नसेल तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून दहा मिनिटं तिथेच, पण शॉवरच्या धारेपासून लांब बसा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर तोंड धरून वाफ घेऊ नका. भुलीनंतर पहिला दिवस हात-पाय पूर्ण ताब्यात नसतात, तोल गेला, भांडं कलंडलं की घशापेक्षा मोठं दुखणं होऊन बसतं. लहान मुलांना तर अशी वाफ अजिबात देऊ नका.

गोळी कधी आणि कोणती

बहुतेकांना ऑपरेशनचं पेनकिलर आधीच सुरू असतं, त्यामुळे स्वतःच्या मनाने वरून काही घेण्याआधी कागद बघा. पॅरासिटामोल मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मिलिग्राम ते १ ग्राम, दोन डोसमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत मिळून ४ ग्रामच्या वर जायचं नाही. वजन खूप कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, दारू जास्त होत असेल तर ही मर्यादा अजून खाली येते, डॉक्टरांना विचारा. गोची अशी की सर्दीच्या आणि अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये पॅरासिटामोल आधीच घातलेलं असतं, सलाईनमधूनही दिलेलं असू शकतं, सगळं एकत्र मोजायचं.

आयबुप्रोफेन सुजेवर चांगलं चालतं, पण ते स्वतःच्या मनाने नको. किडनीचा त्रास, अल्सर, काही प्रकारचा दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यात ते चालत नाही, आणि एन्डोस्कोपीत तुकडा काढला असेल किंवा ऑपरेशनच्या जागी रक्तस्रावाची भीती असेल तर आधी विचारायचंच.

एक युक्ती जी मला दुसऱ्या दिवशी कळली आणि पहिल्या दिवशी कळायला हवी होती: गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्या. म्हणजे घास गिळायच्या वेळी तिचा असर सुरू झालेला असतो. मी जेवून झाल्यावर गोळी घ्यायचे, म्हणजे सगळं दुखून झाल्यावर. (पोटाला झोंबणारी गोळी असेल तर हे चालणार नाही, ती जेवणासोबतच.) आणि गोळी गिळायलाच त्रास होत असेल तर पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, ती मागून घ्या. सगळ्याच गोळ्या चुरून घेता येत नाहीत, काही हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या चुरल्या की पूर्ण डोस एकदम अंगात जातो.

गुळण्या

साधी मिठाची गुळणी अजूनही चांगली. कोमट पाण्याच्या एका ग्लासात, साधारण २५० मिली, अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, थुंकून टाकायची. जोरजोरात घुर्रर्र करत घशाच्या खोल तळापर्यंत न्यायची गरज नाही, डोकं किंचित मागे आणि पाणी नुसतं हलवायचं. एक मात्र आहे, गुळणी पोहोचते ती पडजीभ आणि घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत, फुगा बसला होता तिथपर्यंत ती जात नाही. म्हणून गुळण्या करूनही गळ्याच्या खळगीपाशी आत दुखत राहिलं तर गुळण्या चुकल्या असं नाही, ती जागाच वेगळी आहे.

मेडिकलमध्ये बेन्झिडामिनचं गुळण्यांचं औषध मिळतं, ०.१५ टक्क्यांचं. सूज आणि दुखणं दोन्हीवर काम करतं. १५ मिली घेऊन अर्धा मिनिट गुळणी, मग थुंकायचं, बाटलीवर लिहिलेल्या अंतराने, आणि सात दिवसांच्या वर नाही. झोंबलं तर थोडं पाणी घालून घ्या. घसा बधिर करणारे स्प्रे आणि गोळ्याही असतात, त्या जेवायच्या अगदी आधी वापरू नका, कारण तेच, बधिर घशात घास चुकतो. आणि बधिर करणारं काही वापरल्यावर ओठ-नखं निळसर दिसली किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा.

चघळायच्या साध्या गोळ्या, लाळ सुटावी म्हणून, छान काम करतात. अगदी साखरेची कडक गोळी सुद्धा चालते. चमचाभर मधानेही बरं वाटतं, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. चघळायच्या गोळ्याही चिमुरड्यांना नकोत, घशात अडकतात.

खाणं

मऊ, ओलसर, कोमट किंवा गार. दही, केळं कुस्करून, पातळ सूप, उकडून कुस्करलेला बटाटा, अंडं, आईस्क्रीम. टोस्ट, चिप्स, कोरडे बिस्किट, दाणे, तिखट, लिंबू-संत्र्याचा रस, टोमॅटो, व्हिनेगर, हे तीन-चार दिवस लांब. दारू आणि सिगारेट तर नाहीच, धूर म्हणजे सोललेल्या कातडीवर काथ्या घासणं.

आवाज: इथेच लोक चुकतात

नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते त्यामुळे आवाज बसणं अपेक्षितच आहे. पण माणूस काय करतो, आवाज येत नाही म्हणून कुजबुजतो. बऱ्याच जणांचा कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो. त्यापेक्षा हळू, खालच्या पट्टीत, थोडंच बोला आणि गप्प बसा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऑपरेशनची पूर्ण कथा सांगायची हौस दोन दिवस आवरा, मी मेसेज टाईप करून ठेवला होता आणि तोच सगळ्यांना पाठवला.

दुसरी चूक खाकरण्याची. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून आपण ह्म्म्म्ह करत खाकरत राहतो. अडकलेलं काही नसतं, ती सूज असते, आणि प्रत्येक खाकरण्यात सुजलेले स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्याने सूज, मग परत खाकरणं. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. पहिले काही तास कठीण जातं, नंतर सवय होते.

पडजीभ सुजली तर

हे मी वेगळं लिहितेय कारण याने मी खरंच घाबरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिभेच्या मागे काहीतरी लोंबतंय, जिभेला लागतंय, उलटी येतेय असं वाटायला लागलं. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून आ केलं तर पडजीभ, जी एरवी छोटीशी बोंडी असते, ती द्राक्षासारखी फुगलेली आणि जिभेवर टेकलेली, टोकाला पांढरट. मला वाटलं पू झाला.

असं नळीने, दुर्बिणीने किंवा सक्शनच्या नळीने पडजीभ दाबली किंवा ओढली गेली की होतं. पांढरं टोक म्हणजे तिथला रक्तपुरवठा थोडा वेळ अडल्याने वरचा थर मेलेला असतो, तो नंतर गळून पडतो आणि बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. तरी फोन करून डॉक्टरांना कळवा, फोटो काढून पाठवा, कारण सूज जास्त असेल तर ते स्टेरॉइड देऊ शकतात. माझी त्यांनी बोलावून बघितली, श्वास ठीक आहे म्हणाले, आणि बर्फ, गुळण्या आणि उशा वाढवून झोपणं एवढंच सांगितलं. पाचव्या दिवशी जिभेला लागायची थांबली. काडीने, बोटाने, ब्रशने तिला हात लावू नका. मी लावला होता, लगेच उलटी.

रात्र

झोपताना डोक्याची बाजू उंच ठेवा, साधारण ३० अंश, म्हणजे नुसती मान वाकवणारी एक जाड उशी नव्हे, पाठीपासून उतार झाला पाहिजे. याने सूज उतरते आणि पोटातलं आम्ल वर येऊन घशाला लागत नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधी खाणं संपवा. तोंडाने श्वास घेत असाल तर पहाटे घसा लाकूड होतो, उशाशी पाणी ठेवा, नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे मारा. घोरणं आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल आणि मशीन असेल तर ते त्या रात्री लावायचंच का हे सुट्टी मिळतानाच विचारा, आणि गुंगीची औषधं जपून.

हे दिसलं तर घरचे उपाय बंद आणि थेट इमर्जन्सी

श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज. दम लागणं, आडवं पडवत नाही. स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही, बाहेर गळतेय. ओठ, जीभ, चेहरा सुजतोय, अंगावर पित्त उठलंय (ही औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही जीभ सुजते). मानेची कातडी दाबली की कुरकुर वाजते, बर्फ चिरडल्यासारखी, म्हणजे कातडीखाली हवा गेलीय. एन्डोस्कोपीनंतर छातीत किंवा मानेत जोराचं दुखणं, ताप, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शी. थायरॉईड किंवा मानेच्या कुठल्याही ऑपरेशननंतर मान फुगायला लागली आणि गळा दाबल्यासारखं वाटलं तर एक मिनिट थांबू नका, आत रक्त साठत असू शकतं.

याच्या एक पायरी खाली, म्हणजे फोन करा आणि त्याच दिवशी दाखवा: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, दुखणं उतरायच्या ऐवजी तिसऱ्या दिवशी वाढतंय, पाणी पिताना दर वेळी ठसका लागतोय, एकाच बाजूला खूप दुखतंय, थुंकीत लाल रक्त. पहिल्या दिवशी थुंकीत एखादी गुलाबी रेघ दिसली तर तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

आवाज दोन आठवडे झाले तरी बसलेलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्या. आवाज अगदीच फुसका, हवा निसटल्यासारखा येत असेल तर तेवढेही थांबू नका. क्वचित स्वरतंतूची हालचाल कमी झालेली असते किंवा छोटी गाठ आलेली असते, आणि ते लवकर कळलेलं बरं.

टॉन्सिल काढलेल्यांनी हे वेगळं वाचा

वरचं सगळं नळी-दुर्बिणीच्या खरचटण्याबद्दल आहे. टॉन्सिलचं ऑपरेशन म्हणजे घशात खरी जखम, तिथे दुखणं दोन आठवड्यांपर्यंत चालतं, मध्येच काही दिवस वाढतं, जखमेवर पांढरा थर येतो तो पू नसतो. जोरात गुळण्या करायच्या नाहीत, खपली निघते. ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते आणि तेव्हा रक्त येऊ शकतं, ताजं लाल रक्त दिसलं तर थोडं असो की जास्त, हॉस्पिटल गाठायचं. मुलांच्या गोळ्या वजनावर ठरतात, मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायची नाही, आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

पुढच्या वेळेसाठी

भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी भेटतात, तेव्हाच सांगा की मागच्या वेळी घसा किती दिवस दुखला, पडजीभ सुजली होती का, नळी घालायला त्रास झाला होता का, कुठला दात हलतोय. बऱ्याच गोष्टी त्यांच्या हातात असतात, थोडी बारीक नळी, शक्य असेल तिथे नळीऐवजी मास्क, फुग्याचा दाब मीटर लावून बघणं, शिरेतून डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड), आधीच बेन्झिडामिनच्या गुळण्या. गायक, शिक्षक, आवाजावर पोट असलेलं कोणीही असाल तर तेही सांगा, लाजू नका.

माझ्या फाईलच्या पहिल्याच पानावर आता पेनाने लिहिलंय: नळी ७ नंबर, पडजीभ सुजली, पाच दिवस, लहान नळीबद्दल विचारणे. पुढच्या वर्षी हर्नियासाठी परत गेले तेव्हा ते पान भूलतज्ज्ञांच्या हातात दिलं, त्यांनी वाचलं, म्हणाल्या मास्कवर होईल हे, आणि संध्याकाळी मी टोस्ट खाल्ला.